साथीच्या दिवसांत महानगरातली रोजची भीती : काय करावे आणि कोणत्या क्रमाने

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मुंबईतल्या पुष्कळ घरांनी साथीच्या भीतीवर जे उपाय केले, ते सगळेच चुकीचे नव्हते. बहुतेक ठिकाणी चुकला तो क्रम. आधी दिवसभर बातम्या, मग धास्ती, मग रात्री दीड वाजता फोनाफोनी, आणि माणूस आजारी पडल्यावर रक्तगट, जुने रिपोर्ट आणि विम्याच्या कागदांची शोधाशोध. साथ चालू असताना भीती वाटणे हा आजार नव्हे, म्हणून ती पार घालवण्याच्या खटपटीत पडू नये. निर्णय मात्र तिच्या हाती जाऊ देऊ नयेत, आणि त्यासाठी जे ठरवायचे ते डोके शांत असताना ठरवून कागदावर उतरवून ठेवावे लागते. पुढचे सारे टप्पे या एकाच गोष्टीसाठी आहेत.

हे लेखन श्वासातून पसरणाऱ्या रोगाला धरून आहे आणि यातले आकडे कोविडच्या काळातले आहेत. पुढची साथ निराळ्या रोगाची असली, तर आकडे आणि लक्षणे त्या वेळच्या सरकारी सूचनांतून घ्यावीत. क्रम हाच ठेवावा.

## पूर्वतयारी : दाराजवळचा कागद

ही तयारी साथ शहरात आल्याची पहिली बातमी कळल्यावर लगेच, घरातले सगळे धडधाकट असताना करावी. एक दुपार पुरते.

एक जाड कागद घेऊन त्यावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय, रक्तगट, जुने आजार, रोजच्या गोळ्या त्यांच्या मात्रेसह, आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते लिहावे. त्याखाली फोन क्रमांक, तेही ज्या क्रमाने लावायचे त्याच क्रमाने : नेहमीचे डॉक्टर, आपल्या वॉर्डाची मदतवाहिनी, रुग्णवाहिकेसाठी १०८, रात्री गाडी काढू शकेल असा एक शेजारी, आणि गावाकडचा किंवा दुसऱ्या शहरातला एक शांत डोक्याचा नातेवाईक. मुंबईत २०२० च्या जूनपासून महापालिकेच्या २४ वॉर्डांत वॉर रूम चालू होत्या आणि रुग्णालयातली खाट त्यांच्यामार्फत मिळत असे. ज्यांच्या भिंतीवर आपल्या वॉर्डाचा क्रमांक लिहिलेला होता त्यांचे पहिले तीन तास वाचले, बाकीच्यांनी ते ओळखीच्या नगरसेवकाचा नंबर शोधण्यात घालवले.

कागद मोबाइलमध्ये ठेवू नये. ज्याच्या मोबाइलमध्ये तो असतो, नेमका तोच आजारी पडतो.

कागदाबरोबर एक पिशवी भरावी : आधारकार्डाच्या व विम्याच्या प्रती, चार्जर, चष्मा, दोन जोड कपडे, थोडी रोख रक्कम. घरात थर्मामीटर, ऑक्सिमीटर, पॅरासिटॅमॉल, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांचा महिन्याभराचा साठा असावा. महिन्यापेक्षा जास्त साठवू नये. आपल्या कपाटात पडून राहिलेली पट्टी कुणाला तरी दुकानात मिळत नसते.

आता सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट. घरातल्या प्रत्येकाचे निरोगी असतानाचे ऑक्सिजनचे प्रमाण आणि नाडीचे ठोके तीन दिवस, दिवसातून एकदा मोजून कागदावर लिहावेत. आजोबांचा नेहमीचा आकडा ९५ असेल, तर तापात ९५ दिसल्यावर घर हादरायचे कारण नाही. मुलाचा नेहमीचा ९९ असेल, तर ९५ कडे लक्ष द्यायला हवे. आधीचा आकडा ठाऊक नसला की प्रत्येक आकडा वाईटच वाटतो.

तपासून पाहा : घरातल्या सर्वांत लहान कळत्या मुलाला विचारावे, "आई अचानक आजारी पडली तर पहिला फोन कुणाला करशील?" त्याला कागदाकडे बोट दाखवता आले, म्हणजे तयारी झाली.

## १. भीतीची नोंद : फक्त तीन दिवस

एका वहीत तीन दिवस लिहावे : कोणत्या वेळी भीती वाटली, कशामुळे, आणि तेव्हा आपण काय केले. "कोरोनाची भीती वाटते" असे मोघम लिहून उपयोग नाही. "साडेदहाला लिफ्टमध्ये शेजारी खोकले, मी श्वास रोखून धरला, घरी येऊन दोनदा आंघोळ केली", इतके नेमके हवे.

तिसऱ्या दिवशी रात्री नव्हे, सकाळी चहाच्या वेळी ती पाने वाचून प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करावी : मला यात काही करता येते, मला वाट पाहावी लागेल, हे माझ्या हातात नाही. लिफ्ट पहिल्या खुणेत जाते, कारण जिना आहे. चाचणीचा रिपोर्ट दुसऱ्या खुणेत. लस कधी येणार, कारखाना पुन्हा कधी चालू होणार, या गोष्टी तिसऱ्या. पहिल्या खुणेच्या नोंदींचे पुढच्या टप्प्यात नियम करायचे. दुसऱ्या खुणेपुढे तारीख लिहायची, म्हणजे "गुरुवारपर्यंत याचा विचार करून काही मिळणार नाही" असे स्वतःला सांगता येते.

पुष्कळांची एक भीती या वहीत उशिरा उतरते, ती पगाराची. ती रोगाच्या भीतीचा वेष घेऊन येते. घरभाडे, हप्ता, शाळेची फी आणि हातातली शिल्लक किती दिवस पुरेल, हे एकदा बेरीज-वजाबाकी करून लिहून काढावे. उत्तर वाईट आले तरी चालेल. आकडा समोर असला की घरमालकाशी किंवा बँकेशी वेळेत बोलता येते.

इशारा : तीन दिवसांनंतर ही वही बंद करावी. रोज लिहीत बसलो तर वही भीती मोजायच्या ऐवजी तिला खतपाणी घालू लागते.

## २. घराचे नियम : थोडे, पण न मोडणारे

नियम पाचांहून जास्त नसावेत आणि ते सगळ्यांनी मिळून ठरवावेत. वीस नियम केले की चौथ्या दिवशी पंधरा मोडतात, आणि मग मोडलेल्या प्रत्येक नियमाची वेगळी धास्ती लागते.

पहिला नियम हवेचा. २०२० मध्ये आपण कोथिंबिरीच्या काड्या, दुधाच्या पिशव्या आणि नोटा धूत बसलो, आणि खिडक्या मात्र "बाहेर रोग आहे" म्हणून लावून घेतल्या. श्वासातून पसरणाऱ्या रोगात याच्या उलट वागावे लागते. फळे-भाज्या स्वच्छ पाण्याने धुणे पुरेसे आहे. त्यांना साबण किंवा सॅनिटायझर लावू नये, ते पोटात जाते. हवा मात्र खेळती हवी. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीला एक दार आणि एकच खिडकी असते. तिथे दार उघडे ठेवून खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावावा, म्हणजे आतली हवा बाहेर फेकली जाते आणि दारातून नवी येते. पाहुणा आला तर गॅलरीत बसवावा. त्याला वाईट वाटले तर वाटू द्यावे.

दुसरा नियम मास्कचा : तो नाक आणि हनुवटी दोन्ही झाकणारा, गालांना चिकटणारा असावा आणि बोलताना खाली ओढायचा नाही. आपण चालताना मास्क लावतो आणि बोलायला थांबलो की काढतो. हे अगदी उलटे आहे.

तिसरा नियम सार्वजनिक शौचालयाचा, ज्यांना तो लागू पडतो त्यांच्यासाठी. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. तिथली बहुसंख्य वस्ती सामायिक शौचालयांवर अवलंबून असल्यामुळे "घरीच राहा" हा सल्ला तिथे अर्धाच पाळता येत होता. अशा ठिकाणी रांगेत मास्क, आत जाण्यापूर्वी शक्य असेल तर दार काही वेळ उघडे ठेवणे, आत मोबाइल न काढणे, आणि बाहेर आल्यावर साबणाने हात धुणे, एवढे पाळावे. गर्दीची वेळ टाळण्यासाठी मजल्यावरच्या घरांनी आपसांत वेळा वाटून घेतल्या तर फार फरक पडतो.

उरलेले दोन नियम प्रत्येक घराने आपल्या वहीतून काढावेत.

इशारा : फरशी पुसताना ब्लीच आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र करू नये; त्यातून क्लोरीन वायू सुटतो. हाताला सॅनिटायझर लावून लगेच गॅस पेटवू नये. उकळत्या पाण्याची वाफ घेताना, विशेषतः मुलांना देताना, भांडे कलंडून भाजते. वाफेने विषाणू मरत नाही.

## ३. बातम्यांना वेळ नेमून देणे

दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटे. सकाळची वेळ नाश्त्यानंतरची आणि संध्याकाळची जेवणापूर्वीची. झोपण्याच्या आधीचे दोन तास बातम्या पूर्ण बंद. यात सरकारी सूचना आणि एक वर्तमानपत्र पुरते.

आकडे वाचण्याचीही एक रीत आहे. "आज इतके हजार नवे रुग्ण" हा आकडा किती चाचण्या झाल्या यावर ठरतो. रविवारी चाचण्या कमी होतात म्हणून सोमवारी आकडा उतरलेला दिसतो आणि मंगळवार-बुधवारी पुन्हा चढतो. एका दिवसाचा आकडा पाहून बाहेर पडायचे की नाही हे ठरवू नये. सात दिवसांची सरासरी, शंभर चाचण्यांमागे किती बाधित, आणि आपल्या वॉर्डात खाटा किती रिकाम्या, या तीन गोष्टी आठवड्यातून एकदा पाहिल्या की पुरे.

सोसायटीचा व्हॉट्सॲप गट म्यूट करावा. सोडू नये, कारण पाणी आणि औषधांच्या सूचनाही तिथेच येतात. "एका डॉक्टरांनी सांगितले आहे" अशी सुरुवात असलेला निरोप पुढे पाठवण्यापूर्वी डॉक्टरांचे नाव, रुग्णालय आणि तारीख शोधावी. यातली एक जरी गोष्ट सापडली नाही, तर तो निरोप आपल्यापाशीच थांबवावा.

तपासून पाहा : आठवडा झाल्यावर स्वतःला विचारावे, या आठवड्यात वाचलेल्या कोणत्या बातमीमुळे मी माझे वागणे बदलले? बहुधा एक किंवा दोन निघतात. तेवढ्यांसाठी तीस मिनिटेसुद्धा जास्तच होती.

## ४. बाहेर पडताना

जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : जागा बंदिस्त आहे का, गर्दी आहे का, लोक जवळून आणि बराच वेळ बोलणार आहेत का? तिन्हींची उत्तरे "नाही" असतील, तर निवांत जावे. उगाच घाबरत गेल्याने सुरक्षितता वाढत नाही. एक "हो" असेल तर मास्क आणि वेळ यांची काळजी घ्यावी. तिन्ही "हो" असतील, तर काम पुढे ढकलता येते का ते पाहावे, आणि ढकलता येत नसेल तर वेळ कमी करावा.

बसमध्ये उघड्या खिडकीजवळ बसावे. लिफ्टऐवजी जिना; गुडघे दुखत असतील तर लिफ्टमध्ये एकट्याने जावे आणि बोलू नये. मंडईत दुपारी जावे, यादी घेऊन जावे, भाव करत उभे राहू नये. घरी आल्यावर हात धुवावेत आणि मास्क काढून पुन्हा हात धुवावेत. चपला, पिशव्या, चाव्या, पाकीट या सगळ्यांवर फवारणी करत दारात अर्धा तास उभे राहण्याची गरज नाही. त्या अर्ध्या तासात मुले दारात ताटकळतात आणि बाबा बाहेरून आले की काहीतरी भयंकर आत येते, एवढे मात्र पक्के शिकतात.

## ५. लक्षण दिसले तर

घसा खवखवला की सगळे नियम विसरले जातात, म्हणून हा टप्पा दाराजवळच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवावा.

पहिल्या तासात : त्या व्यक्तीने मास्क लावावा, वेगळ्या कोपऱ्यात झोपावे, खिडकी उघडावी. ताप मोजावा, ऑक्सिजन मोजावा, दोन्ही वेळेसह लिहावे. नेहमीच्या डॉक्टरांना फोन करावा. पुढाऱ्यांना, मावसभावाला, ऑफिसला नंतर.

चाचणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. बाधित माणसाला भेटल्याच्या दुसऱ्याच दिवशी धावत जाऊन केलेली चाचणी बहुधा निगेटिव्ह येते, आणि त्या कागदावर विसंबून माणूस चार जणांत मिसळतो. ही चूक त्या दोन वर्षांत सर्रास झाली.

ऑक्सिमीटर वापरताना पाच मिनिटे शांत बसावे, हात कोमट असावा, बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी नसावी, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. एप्रिल २०२१ मध्ये माझ्याच घरी रात्री दोनला गार पाण्यात भांडी विसळून आलेल्या हाताला यंत्र लावले, आकडा आला ८८, आणि सगळे घर जागे झाले. हात चोळून दहा मिनिटांनी पाहिले तर ९७. तेव्हापासून आमचा नियम आहे : अनपेक्षित आकडा आला की हात गरम करून, दुसऱ्या बोटावर, पुन्हा मोजायचे. सावळ्या त्वचेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकते, म्हणून आकडा बरा आणि माणूस मात्र धापा टाकतो आहे, अशा वेळी माणसाकडे पाहावे.

बसल्या जागी आकडा चांगला असेल, तर खोलीत सहा मिनिटे नेहमीच्या चालीने चालून पुन्हा मोजावे. आकडा ९४ च्या खाली गेला, तीन-चारने घसरला, किंवा चक्कर आली, दम लागला, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटे चालावे. दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही चाचणी करू नये. आजार असताना मोजणी दिवसातून चार वेळा पुरते. दर दहा मिनिटांनी बोट यंत्रात घालणे ही काळजी नव्हे.

इशारा : श्वास घ्यायला त्रास, छातीत सतत दुखणे किंवा दाबल्यासारखे वाटणे, बोलण्यात गोंधळ, जागे न राहणे, ओठ निळसर पडणे, यांपैकी काहीही दिसले तर यंत्राचा आकडा, रिपोर्टची वाट, शेजाऱ्याचा सल्ला, सगळे बाजूला ठेवून रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरा इशारा : दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची औषधे घेऊ नयेत. स्टिरॉइडचा उपयोग ऑक्सिजनची गरज पडलेल्या रुग्णांना झाला. घरी सौम्य तापात, स्वतःच्या मनाने, लवकर सुरू केलेल्या स्टिरॉइडने अपाय होतो, आणि मधुमेह असलेल्यांची साखर भडकते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे "काळ्या बुरशी"च्या, अनेक रुग्णांच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या.

## ६. रात्र

भीतीची खरी वेळ रात्री दोन ते चार. गाड्यांचा आवाज बंद असतो, रुग्णवाहिकेचा भोंगा तेवढा ऐकू येतो, आणि छातीत धडधड सुरू होते. अशा वेळी क्रम पाळावा : दिवा लावावा; पाय जमिनीवर टेकवून बसावे; ऑक्सिजन एकदा, नीट, मोजावा. आकडा नेहमीचा असेल आणि वर दिलेले धोक्याचे कोणतेही लक्षण नसेल, तर श्वास आत घेताना चार आणि सोडताना सहा अंक मोजावेत, असे दहा मिनिटे करावे. भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखराला पोचतो आणि मग उतरू लागतो. या वेळात फोनवर लक्षणे शोधू नयेत. छातीतले दुखणे हाताकडे, जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर "ही भीतीच आहे" असे स्वतःला समजावत बसू नये; तेव्हा १०८.

रात्री सुचलेला कोणताही निर्णय, मग तो गावी पळून जाण्याचा असो की नोकरी सोडण्याचा, कागदावर लिहून सकाळी वाचावा.

## ७. घरातल्या आणि दारातल्या माणसांची भीती

म्हाताऱ्या माणसांना नुसती मनाई केली की ती मोडण्यात त्यांना गंमत वाटू लागते, किंवा मग ती गप्प बसतात, आणि गप्प बसणे जास्त वाईट. "आई, तुम्ही खाली उतरायचं नाही" याऐवजी "आई, संध्याकाळी सहाला मी तुमच्याबरोबर गच्चीवर येते, तोवर खाली नको, चालेल?" असे म्हणावे. नकाराच्या जोडीला काही देता आले पाहिजे. मुलांना खरे सांगावे, पण थोडक्यात, आणि बातम्या चालू असताना त्यांना त्याच खोलीत बसवू नये.

इमारतीत कुणी बाधित निघाले, तर त्या घराची हवी ती मदत दारात ठेवावी : दूध, भाजी, औषधे, कचरा उचलण्याची सोय. त्या कुटुंबाचे नाव गटावर टाकू नये. घरकामाच्या बाईंना आणि वॉचमनला तेवढेच नियम लावावेत जेवढे स्वतःला लावतो; त्यांना बंदी आणि मालकांच्या पाहुण्यांना मोकळीक, असे ज्या सोसायट्यांनी केले तिथे लोक लक्षणे लपवू लागले. लपवलेल्या तापाइतका धोका कशातच नाही.

## ८. लाट ओसरल्यावर

नियम एकदम सोडले तर भीती परत येते, आणि अजिबात सोडले नाहीत तर ती मुक्कामच करते. आठवड्याला एक नियम सैल करावा, सर्वांत कमी धोक्याचा आधी.

गाडीचेच पाहा. मुंबईत सामान्य प्रवाशांसाठी लोकल १ फेब्रुवारी २०२१ ला पुन्हा उघडली ती सकाळी सातच्या आधी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. तीच युक्ती स्वतःसाठी वापरावी. पहिल्या दिवशी दुपारी फक्त फलाटापर्यंत जाऊन यावे; दुसऱ्यांदा दोन स्थानके, दाराजवळ उभे राहून; मग पूर्ण प्रवास, पण दुपारचा; आणि त्यानंतर सकाळची गर्दीची गाडी. प्रत्येक पायरीवर छातीतली धडधड निम्मी होईपर्यंत थांबावे, मधेच उतरून परत फिरू नये. परत फिरले की पुढच्या वेळी जिना चढणेच जड जाते.

हे सारे करूनही दोन आठवड्यांहून जास्त झोप नसेल, हात धुऊन धुऊन कातडी फाटत असेल, साथ ओसरली तरी उंबरठा ओलांडवत नसेल, दारूचे प्रमाण वाढले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. "टेली-मानस" ही सरकारी मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जगणे नको असे विचार येत असतील, तर दोन आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी फोन करावा आणि घरातल्या एकाला जवळ बसवून घ्यावे. हा क्रमांक दाराजवळच्या कागदावर, डॉक्टरांच्या खाली, पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा.